नवा घोडा, पहिली मोठी स्पर्धा: ठाणे-नवी मुंबईच्या घोडामालकांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि कामांचा क्रम

प्रवेशअर्ज हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत सोपा कागद. तो बसल्या जागी भरून होतो. घोड्याचा पासपोर्ट, म्हणजे त्याची ओळखपुस्तिका, लसीच्या तारखा आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य आजाराच्या तपासणीचा अहवाल या तीन गोष्टी मात्र कितीही धावपळ केली तरी एका आठवड्यात उभ्या राहत नाहीत. आपल्याकडे स्पर्धांचा हंगाम पाऊस सरल्यावर, थंडीत. येऊर, घोडबंदर रोड, खारघर-पनवेल या पट्ट्यातले बरेच मालक दिवाळीचा फराळ संपला की जागे होतात. तोवर उशीर झालेला असतो. कागदाचं काम जून-जुलैत, घोडा चिखलामुळे तसाही कमी फिरतो तेव्हाच सुरू करावं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून आधीच सांगतो. यातला जवळजवळ प्रत्येक कागद घोड्याकडूनही काहीतरी मागतो. पासपोर्टसाठी त्याला चारी पाय टेकून स्थिर उभं राहावं लागतं, कातडीखालची ओळखीची चिप यंत्राने वाचताना मानेजवळ अनोळखी हात सोसावा लागतो, प्रवासाच्या दाखल्यामागे गाडीचा उतार चढणं येतं. मुरलेला घोडा हे सगळं झोपेत करतो. नवा करत नाही, आणि डॉक्टर आल्यावर शिकवायला वेळ नसतो.

आधी स्पर्धा कोणती ते ठरवा

क्लबची अंतर्गत स्पर्धा असेल तर बहुतेक वेळा लसीची नोंद आणि आरोग्य दाखला यावर भागतं. भारतीय अश्वारोहण महासंघाच्या, म्हणजे ईएफआयच्या छत्राखाली होणारी स्पर्धा वेगळी. रिजनल इक्वेस्ट्रियन लीग ही त्यातली आपल्याला जवळची. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या ॲमॅच्युअर रायडर्स क्लबकडे ती झालेली आहे, आणि ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता तिच्यातून ठरते. राष्ट्रीय स्पर्धा दिल्ली, मेरठ, बंगळुरू अशा लांबच्या ठिकाणी असतात. नव्या घोड्याला पहिल्याच वर्षी तिथे नेण्याचा विचार मी तरी करणार नाही. महालक्ष्मी किंवा पुणे पुरेसं आहे.

गट निवडताना घरी तो उडीची जी उंची आरामात मारतो त्याच्या एक पायरी खालचा गट घ्या. घरी एक मीटर मारणारा घोडा तिथे ८० सेंटीमीटरला नकार देऊ शकतो. उडी त्याला जमते, पण झेंडे, लाउडस्पीकर, रंगीत खांब आणि शेजारून धावणारे अनोळखी घोडे त्याने कधी पाहिलेले नसतात. रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा असेल तर गर्दीची त्याला सवय असते खरी, पण गर्दी दिसली की धावायचं, हेही त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

पात्रता

घोडा, स्वार आणि मालक या तिघांची महासंघाकडे नोंद लागते. ही नोंदणी आता ऑनलाइन होते. स्वाराची नोंदणी चालू वर्षाची आहे ना, ते आधी पाहून घ्या. वयोगटाचा हिशोब आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या पद्धतीने कॅलेंडर वर्षावर चालतो: चिल्ड्रन १२ ते १४, ज्युनियर १४ ते १८, यंग रायडर १६ ते २१. मूल ज्या वर्षी चौदाचं होतं त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ते ज्युनियर धरलं जातं, वाढदिवस नोव्हेंबरात असला तरी. त्यामुळे जन्मदाखला आणि आधार कार्डवरची तारीख एकच असायला हवी. अल्पवयीन मुलासाठी पालकांचं संमतीपत्र लागतं. घोड्याचं किमान वय गटागणिक बदलतं, ते त्या स्पर्धेच्या परिपत्रकातच बघा.

पासपोर्ट: इथेच सर्वांत जास्त वेळ जातो

लागणारी कागदं अशी: खरेदीची पावती किंवा मालकीचं हस्तांतरणपत्र, मालकाचं ओळखपत्र, घोड्याचे फोटो, चिपचा क्रमांक आणि पशुवैद्यकाने भरलेलं वर्णनपत्रक. थरोब्रेड असेल तर पुण्याच्या स्टड बुक कार्यालयाचे कागद सोबत जोडा. त्यात जन्मतारीख आणि आई-बाप दोन्ही असतात, म्हणजे वयाचा वाद मिटतो. मारवाडी-काठेवाडी घोडा बाजारातून तोंडी व्यवहारावर आलेला असेल तर मात्र आधी मालकीचा कागद तयार करावा लागेल. विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला ‘ओके भाऊ’ हा कागद नव्हे.

वर्णनपत्रकावर घोड्याची दोन्ही बाजूंची, तोंडाची आणि पायांची कोरी आकृती असते. डॉक्टर त्यावर पांढरे पट्टे लाल शाईने रेखतात आणि प्रत्येक भोवऱ्याच्या जागी काळी फुली मारतात. आपल्याकडे भोवरे शुभ-अशुभ बघायला मोजतात, इथे ते ओळख पटवायला मोजतात. घोडा पंचकल्याणी, म्हणजे चार पाय आणि तोंड पांढरं असलेला आहे, एवढं सांगून चालत नाही. मागच्या डाव्या पायाचा पांढरा मोजा सांध्याच्या वर गेलाय की खाली, हे चित्रात दिसलं पाहिजे. हे काम दिवसाउजेडी, घोडा खरारा करून स्वच्छ असताना करून घ्या. पावसाळ्यात पायाला चिखल असताना काढलेली आकृती आणि स्पर्धेच्या दिवशीचा धुतलेला घोडा जुळत नाहीत, आणि तपासणीच्या टेबलावर उगाच प्रश्न निघतो.

चिप मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली बसवतात. यंत्र फिरवलं की ते बारीक टूं करतं. अनुभवी घोड्याचा कानही हलत नाही. नवा घोडा त्या आवाजाला मान झटकतो, आणि मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या हातून मोरकी (तोंडाची दोरी) सुटली तर पुढचा अर्धा तास त्याला पकडण्यात जातो. रोज खरारा करताना मानेच्या डाव्या अंगावर मोबाइल फिरवा, त्याची बीप वाजवा. दोन आठवड्यांत घोडा त्याकडे लक्षही देत नाही.

लसीच्या तारखा

इन्फ्लुएंझाच्या लसीत लोक सर्वाधिक अडकतात, कारण लस दिलेली असते पण तारखा चुकलेल्या असतात. एफईआयचा नियम असा: पहिल्या दोन डोसांमध्ये किमान २१ आणि जास्तीत जास्त ६० दिवसांचं अंतर हवं. पुढचा डोस दुसऱ्यापासून ६ महिने आणि २१ दिवसांच्या आत. आणि स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचण्याआधीच्या ७ दिवसांत लस दिलेली चालत नाही.

१ जुलैला पहिला डोस झाला, तर दुसरा २२ जुलै ते ३० ऑगस्टच्या दरम्यान. समजा तो १० ऑगस्टला दिला, तर लीप वर्ष नसेल तेव्हा ३ मार्चपर्यंत घोडा मोकळा. म्हणजे सगळा हंगाम निघतो. यातली एखादी मुदत हुकली तर अख्खा कोर्स पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक नोंदीत लसीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा. धनुर्वाताची लसही याच वेळी उरकून घ्या.

परिपत्रकात यापेक्षा वेगळी अट असेल तर ती पाळायची.

ग्लँडर्स आणि रक्ततपासणी

ग्लँडर्स हा जिवाणूंमुळे होणारा आजार घोड्यातून माणसालाही होतो. त्यावर लस नाही. घोडा बाधित निघाला तर त्याला वाचवता येत नाही, दयामरण हाच मार्ग. जनावरांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधाच्या २००९ च्या कायद्याखाली हा अधिसूचित रोग आहे. त्यामुळे आयोजक या अहवालाशिवाय घोड्याला आवारात पाय ठेवू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

तुमच्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांशी आधी बोला. नमुना त्यांच्यामार्फत अधिकृत प्रयोगशाळेत जातो. देशातलं मुख्य केंद्र हरियाणात हिसारला, राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात आहे. अर्जावर घोड्याचा चिप क्रमांक लिहायला विसरू नका. अहवालात नुसतं ‘तांबडा नर, ५ वर्षं’ असेल तर तो तुमच्याच घोड्याचा आहे हे सिद्ध कसं करणार? अश्व संसर्गजन्य रक्तक्षयाची तपासणी मागितली असेल तर तीही त्याच रक्तातून होते, म्हणून एकदाच विचारून घ्या.

अहवाल किती दिवस ग्राह्य धरतात हे परिपत्रकात दिलेलं असतं. त्या मुदतीत परतीचा दिवसही बसला पाहिजे. आणि जिल्ह्यात किंवा वाटेत रोगाची अधिसूचना निघाली तर त्या क्षेत्रातून घोडा हलवता येत नाही. हाती नकारार्थी अहवाल असला तरीही.

गाडी आणि रस्ता

जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम घोड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण देतात. घोडा प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य आजार नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. तो नसेल तर वाहतूकदाराने घोडा घेऊच नये, असं नियमच सांगतो. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता-फोन, घोड्यांची संख्या आणि सोबतचा चारा, हे लाल ठळक अक्षरांत लिहिलेलं लेबल हवं.

फ्लोट, म्हणजे खास घोड्यांसाठी बनवलेली गाडी मिळाली तर उत्तम. साधा टेंपो-ट्रक असेल तर तळाला घसरू न देणारं आच्छादन हवं, दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन भक्कम आडवे दांडे. तोंड डावीकडे, म्हणजे शेजारून जाणाऱ्या वाहनांपासून लांब. एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नाहीत. मोटार वाहन नियमांप्रमाणे एका घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा. वेगमर्यादा ताशी ३५ किलोमीटर. सायन-पनवेल महामार्गावर ३५ ने जाणाऱ्या गाडीला मागचे किती हॉर्न मारतात ते सांगायला नको. म्हणून भल्या पहाटे निघा. जड वाहनांना कोणत्या वेळी बंदी आहे हे ठाणे, नवी मुंबई आणि मुंबई अशा तिन्हीकडच्या वाहतूक पोलिसांकडून विचारून घ्या, कारण वेळा सारख्या नसतात.

नवी मुंबईहून महालक्ष्मीला जाताना अटल सेतूचा मोह होतो. तिथे हळू चालणाऱ्या वाहनांना मज्जाव आहे आणि खाडीवरचा वारा बंद गाडीतही घोड्याला जाणवतो. वाशी खाडीपुलावरून मानखुर्द-चेंबूर-सायन हाच रस्ता बरा. ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्ग.

नव्या घोड्याला ज्या दिवशी प्रथम गाडी दाखवायची तो दिवस स्पर्धेचा नसावा. आधी गाडी तबेल्यात नुसती उभी करा, उतारावर थोडा लसूणघास टाका. मग आत-बाहेर, मग इंजिन चालू करून उभं, मग गल्लीच्या टोकापर्यंत. सोबत शांत, जुना घोडा असेल तर अर्धं काम तोच करतो. चढताना घोडा थबकला की मागून चाबूक उगारणारा एक तरी हुशार माणूस तिथे हजर असतो. त्याला आधी चहा आणायला पाठवा.

औषधं आणि मोतद्दाराचा चहा

महासंघाच्या स्पर्धेत रक्त-लघवीचे नमुने घेतले जाऊ शकतात. वेदनाशामक फिनाइलब्युटाझोन, ज्याला तबेल्यात सगळे ‘ब्यूट’ म्हणतात, ते प्रतिबंधित पदार्थांच्या यादीत आहे. मिरचीतलं कॅप्सेसिनही आहे. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये त्यापायी चार घोडे बाद झाले होते. सांधे गरम करणाऱ्या कित्येक मलमांत ते असतं. कॅफीनही यादीत आहे, तेव्हा उरलेल्या चहात बुडवलेली पोळी प्रेमाने भरवणाऱ्या मोतद्दाराला आधीच समजावा. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत दिलेल्या प्रत्येक औषधाची वही ठेवा आणि ती डॉक्टरांना दाखवूनच अर्ज भरा.

घोडा वरातीत किंवा मालिकांच्या चित्रीकरणातही जात असेल तर आणखी एक नोंदणी पाहावी लागते. सादरीकरणातल्या प्राण्यांच्या २००१ च्या नियमांत प्रेक्षकांना प्रवेश असलेले घोड्यांचे कार्यक्रमही येतात, आणि ती नोंदणी भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे होते. तुमच्या स्पर्धेला ती लागू आहे का, हे आयोजकांना लेखी विचारा.

अर्ज

आता अर्ज. स्वाराचा आणि घोड्याचा नोंदणी क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, गट, थानाची (घोडा बांधायच्या जागेची) मागणी, शुल्क. घोड्याचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा. घरी ‘राजा’ म्हणत असाल आणि पासपोर्टवर दुसरंच असेल तर दुसरंच. थान मागताना फाटकाजवळचं नको, आतलं द्या असं नमूद करा. ऐकतीलच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

नालबंद आठवडाभर आधी बोलवा. आदल्या रात्री ठोकलेली नाल टोचली तर सकाळच्या तपासणीत घोडा लंगडा दिसेल.

पोहोचल्यावर

फाटकावर पासपोर्ट, चिप, लसीची पानं आणि अहवाल तपासतात. तापमानही घेतात, ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर घोडा वेगळा काढला जातो. उन्हात तापलेल्या गाडीतून उतरल्या-उतरल्या आकडा चढा येऊ शकतो, म्हणून घरचे आधीचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवलं असेल तर बोलायला आधार असतो. थर्मामीटरची सवयही त्यातच होते.

जिथे पायांची तपासणी असते तिथे घोड्याला कडक जमिनीवर हाताने चालवून, मग दुलकीत न्यायचं असतं. सैल दोरीने, तोंड मोकळं सोडून. घरी डांबरी रस्त्यावर हे रोज दोन फेऱ्या करा. ओढत न्यावा लागणारा घोडा लंगडा नसला तरी लंगडाच दिसतो.

घोडा तिथे पोहोचून घाबरलाच, खाणं सोडलं, घामाने भिजला, तर नाव मागे घेता येतं. ते तोंडी सांगू नका. कार्यालयात लेखी द्या, शक्य असेल तर स्पर्धेच्या पशुवैद्यकाच्या शेऱ्यासह. शुल्क परत मिळतं की नाही हे परिपत्रकावर अवलंबून. निघताना कार्यालयात जमा केलेला पासपोर्ट आठवणीने परत घ्या आणि परतीच्या प्रवासाचा दाखला तिथल्याच डॉक्टरांकडून करून घ्या, कारण जाताना घेतलेला दाखला परतीला चालेलच असं नाही.