चेक इंजिनचा दिवा लागलाय? सेन्सर बदलण्याआधी कपलर बघू

‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवीन टाका’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून बरेच ग्राहक तुर्भ्यात आमच्या गॅरेजला येतात. कधी कधी ते खरंही निघतं. पण स्कॅनर लावल्यावर पी०१३४ किंवा पी०१३५ हा बिघाडाचा कोड आला म्हणजे सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच कळलं. सेन्सर, वायर, की फ्यूज, ते गाडीखाली शिरल्यावरच कळतं.

हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन ओळखतो. त्यावरून इंजिनमधलं पेट्रोल कमी-जास्त होतं. साधारण ३०० अंश तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही, म्हणून आत हीटर असतो. चारपैकी दोन वायरी त्याच्याच.

आपल्याकडे खाडीची खारी हवा, वर पावसाळ्यात रस्त्यावर तुंबणारं पाणी. कपलर, म्हणजे सेन्सरच्या वायरी जोडणारा प्लग, उघडावा तर पिना हिरव्या पडलेल्या. पार्किंगमधले उंदीर आहेतच. आधीच्या कामात क्लिप लावायची राहिली, तर वायर गरम पाइपाला टेकून वितळते.

आम्ही आधी थंड गाडीत हीटरच्या दोन पिनांवर मीटर लावतो. मोजके ओहम आले तर हीटर ठीक. सर्किट तुटलेलं दिसलं तर सेन्सर खरंच गेला. मग गाडीकडून १२ व्होल्ट येतात का ते बघतो. येत नसतील तर फ्यूज, रिले तपासतो.

इंजिन गरम झाल्यावर पुढच्या, म्हणजे इंजिनजवळच्या, सेन्सरचा स्कॅनरवर दिसणारा सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली व्हायला हवा. (काही गाड्यांत वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, त्याला हे आकडे लागू नाहीत.) सिग्नलची रेषा ०.४५च्या आसपास सरळ पडून असेल, तर एकजण स्क्रीनकडे बघतो, दुसरा वायर बोटाबोटाने हलवत जातो. एका जागी दाबलं की रेषा नाचायला लागते. चोर तिथेच!

कपलरमध्ये ग्रीस भरू नका, वायर पिळून टेप गुंडाळू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते, ती वाट बंद होते.

दिवा स्थिर असेल तर सावकाश गाडी घेऊन या. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या आणि फोन करा. तशीच चालवली तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. आणि बॅटरी काढून दिवा घालवू नका, कोडबरोबर बिघाडाच्या वेळचे साठलेले आकडेही पुसले जातात.

सेन्सर बदलावाच लागला, तर जुना तुमच्या हातात देतो.