हृदयाला बसलेला मुका मार

छातीवर जबर आघात होऊन, कातडी न फाटता हृदयाला झालेली इजा. गाडीचे स्टिअरिंग छातीवर आदळणे, उंचावरून पडणे, जनावराची लाथ बसणे ही नेहमीची कारणे. हृदयाचा उजवा खालचा कप्पा छातीच्या मधल्या हाडाच्या अगदी मागे असल्याने मार बहुधा तिथे लागतो. बहुतेकदा स्नायू ठेचतो आणि विश्रांतीने बरा होतो. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात वाढणारे प्रथिन) दोन्ही नॉर्मल असतील तर मोठी इजा जवळजवळ नाकारता येते. छातीचे हाड मोडले एवढ्यावरून मात्र हृदय दुखावले असे मानू नये.

खरी परीक्षा दुर्मिळ इजांची. हृदयावरणात रक्त साठले तर सोनोग्राफीत ते काळ्या पट्ट्यासारखे दिसते. पण आवरणच फाटलेले असेल तर रक्त छातीत उतरते आणि तपासणी फसवी निर्धोक येते. दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा ठेचलेला भाग काही दिवसांनीही फुटू शकतो. पहिल्या दिवशी स्वच्छ ऐकू आलेल्या ‘लब-डब’मध्ये तिसऱ्या दिवशी खरखरीत फुसफुस मिसळलेली सापडते. म्हणून स्टेथोस्कोप रोज, पुन्हा पुन्हा लावलाच पाहिजे. एकदा काढलेल्या इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) विसंबणे धोक्याचे. बरगड्या मोडल्याने छातीवरून चित्र नीट मिळत नसेल तर अन्ननलिकेतून इको करतात.

अपघातानंतर तरुणाच्या ईसीजीत हार्ट अ‍ॅटॅकसारखे बदल दिसले, तर हृदयाच्या रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटल्याची शंका घ्यावी. गुठळी विरघळवणारे औषध इथे घातक ठरू शकते, कारण शरीरात इतरत्र रक्तस्राव चालू असू शकतो. अँजिओग्राफी करून मार्ग ठरवतात. मेंदूलाही मार असेल आणि रुग्ण तग धरून असेल, तर हृदयाची शस्त्रक्रिया काही काळ लांबवतात. शस्त्रक्रियेवेळी हृदय-फुफ्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनसाठी रक्त पातळ करावे लागते, तेच मेंदूला जड जाते.

कधी हृदयाला जखम नसतेच. ठोक्याच्या नेमक्या नाजूक क्षणी फटका बसला की लय कोसळते. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकी फुटबॉलपटू डमार हॅमलिन असाच मैदानात कोसळला. तत्काळ सीपीआर (छाती दाबून दिलेले प्रथमोपचार) आणि विजेचा झटका मिळाल्याने तो वाचला.

हृदयाच्या उजव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या त्रिदली झडपेला ताणून धरणारे तंतू तुटले तरी रुग्ण कित्येक वर्षे हिंडता-फिरता राहतो. पाय सुजून, धाप लागून तो दवाखान्यात येतो तेव्हा जुना अपघात त्याच्या स्वतःच्याही लक्षात नसतो; तो विचारून काढावा लागतो.