दूरचित्रवाणी मालिकांतील वर्गचित्रण

मालिकेतील पात्रांची आर्थिक-सामाजिक पायरी, तिथून वर चढण्याची त्यांची धडपड आणि त्या चढणीचा शेवट पडद्यावर ज्या रीतीने दाखवला जातो, त्याला वर्गचित्रण म्हणतात. संवादांपेक्षाही ते सेट, कपडे आणि कथेतील काळाच्या हिशेबातून घडते.

गरीब पात्र वर जाणार की नाही, हे बऱ्याचदा मालिकेच्या घडणीवरच ठरते. ब्रिटनची ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू झाली ती अजून चालूच आहे. तिचे सारे जग म्हणजे कामगारवस्तीतली एक गल्ली आणि तिथला पब. अशा मालिकेत ज्याचे बरे चालते तो गल्ली सोडतो, म्हणजे मालिकाच सोडतो; उरलेल्यांची ओढाताण संपत नाही. लॅटिन अमेरिकेतील तेलेनोवेलाला, म्हणजे तिथल्या ठरावीक काळात संपणाऱ्या मालिकेला, मात्र शेवट असतो, त्यामुळे चढणीला शिखरही लागते. पेरूच्या ‘सिंप्लेमेंते मारिया’त (१९६९–७१) खेड्यातून राजधानीत आलेली मोलकरीण शिवणकाम शिकून फॅशन डिझायनर होते. शिवणयंत्र ही डोळ्यांना दिसणारी, कुणालाही शिकता येणारी पायरी होती. मालिका जिथे जिथे दाखवली गेली तिथे शिवणवर्गांना गर्दी झाली, ती त्यामुळेच. हा परिणाम अभ्यासून मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेसाठी मालिका केली. त्यांच्या पद्धतीत चांगली, वाईट आणि दोहोंत हेलकावे खाणारी अशी तीन तऱ्हेची पात्रे लागतात. प्रेक्षक तिसऱ्याचे बोट धरतो. दूरदर्शनवरची ‘हम लोग’ (१९८४–८५, १५६ भाग) याच वाटेने आली, पण सुरुवातीचा उपदेशाचा सूर लवकरच खाली आणावा लागला.

जपानच्या ‘ओशिन’ची (१९८३–८४, २९७ भाग) गोष्ट वेगळी. कुळाच्या घरातली मुलगी एका पोते तांदळाच्या बदल्यात मूल सांभाळायला जाते. श्रमाचे मोल इतक्या नेमकेपणाने सांगणाऱ्या मालिका थोड्याच. शिवाय कथा सुरू होते ती दुकानांची साखळी उभी केलेल्या म्हाताऱ्या ओशिनपासून. नवे दुकान उघडायच्या दिवशीच ती घरातून निघून जाते.

एरवी पडद्यावरचे गरिबाचे घर खऱ्या घराहून मोठे असते. याचे कारण तांत्रिक आहे. स्टुडिओतल्या खोलीला तीनच भिंती असतात, चौथ्या बाजूला दोन-तीन कॅमेरे उभे राहतात आणि दिवे वरून टांगलेले असतात. दहा बाय दहाच्या खोलीत सात पात्रे एका चौकटीत मावत नाहीत, म्हणून दिवाणखाना येतो, त्यामागून जिना येतो. सपाट, भरपूर उजेडात भिंतीची ओलही दिसेनाशी होते. कपड्यांचे तसेच. नवे कापड वारंवार धुऊन, चहाच्या पाण्यात बुडवून, पॉलिशपेपरने घासून जुने करतात. पण ते सगळीकडे सारखे घासले की खोटे दिसते. खरा कपडा विरतो तो कॉलरच्या घडीवर, कोपरावर, पिशवीच्या पट्ट्याखाली. पात्राला चार-पाचच जोड देऊन तेच फिरवत राहणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय.

लेखनातली चूक याहून खोल. गरिबी येते ती एखाद्या घटनेच्या रूपात: शस्त्रक्रियेचा खर्च, गहाण पडलेले घर. दरमहा जाणारे भाडे, व्याज, बसचे पैसे दिसत नाहीत. मग एकरकमी संकटाला एकरकमी सुटका मिळते, लग्नाने नाहीतर वारशाने. नायिका मुळात श्रीमंताचीच हरवलेली मुलगी निघाली, तर तिने वर्ग ओलांडलेलाच नसतो. दुसरी पळवाट म्हणजे ‘लीप’. कथा पाच वर्षे पुढे उडी मारते आणि धंदा कसा उभा राहिला, भांडवल कुठून आले, पहिल्यांदा कशात बुडाले, ते सगळे त्या उडीत गडप होते. कामाची जागा दाखवायची तर वेगळा सेट लागतो; म्हणून सकाळी अकरा वाजता सगळे कमावते घरीच सापडतात.

याला सोपा तोडगा आहे. पटकथेआधी प्रत्येक घराचा महिन्याचा जमाखर्च लिहून काढावा: कोण किती आणतो, कर्ज किती, कोण कुठे झोपतो. कोलंबियाच्या ‘यो सोय बेट्टी, ला फेआ’त (१९९९–२००१) नायिका अर्थशास्त्र शिकलेली असूनही रूपामुळे सेक्रेटरीच्या खुर्चीत अडकते आणि कंपनीच्या हिशेबाची नाडी हाती असल्यामुळेच वर पोचते. शेवटी तिचे रूपही पालटतेच, हा भाग वेगळा.