तहकूब ग्रामसभा, कलम ३५३ आणि गावबंदी : मराठवाड्यातील एका ताणाची पार्श्वभूमी

लोकप्रतिनिधींशी लोकांनी कसे बोलावे आणि लोकप्रतिनिधींनी लोकांना कसे वागवावे, याची मराठवाड्यातील चर्चा अलीकडे बहुधा एखाद्या चित्रफितीपासून सुरू होते. कुठे आमदाराची गाडी अडवलेली असते, कुठे पंचायतीच्या कार्यालयाला कुलूप ठोकलेले असते, तर कुठे प्रश्न विचारणाऱ्या गावकऱ्याला निवडून आलेल्या सदस्याने एकेरीवर येऊन दटावलेले असते. रीतभात सुटली, असे दोन्ही बाजू म्हणतात. ती सुटण्यापूर्वी बोलण्याची अधिकृत जागा कोणती होती आणि ती कशी आक्रसत गेली, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

फार मागे जाण्याचे कारण नाही. हैदराबाद संस्थानात रयतेने सत्तेशी बोलण्याचा मार्ग अर्जाचा होता आणि कारभाराची भाषा उर्दू असल्याने तो अर्जही बहुतेकांना दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्यकर्ते बदलले, तरी गावपातळीवर पाटील-देशमुखांच्या ओसरीचे महत्त्व एकदम संपले नाही. १९६० च्या दशकात वंशपरंपरागत पाटीलकी गेली आणि पोलीस पाटील हे नेमणुकीचे पद झाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. निवडून आलेला पुढारी अण्णा, नाना, दादा, भाऊ झाला. या नात्याच्या शब्दांनी व्यवहारात गोडवा आणला हे खरे असले, तरी त्यांनी एक अडचणही निर्माण केली, कारण अण्णांकडे काम मागता येत असे, हिशेब मागता येत नसे. त्या काळच्या सभ्यतेची आठवण आज हळहळीने काढली जाते, तेव्हा तिच्यात अवलंबित्वाचा वाटा किती होता हे विसरले जाते.

त्या सभ्यतेत कोण बसत नव्हते, हेही मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या, ठरावानंतर १९७८ मध्ये दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले त्यांनी दाखवून दिले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्याच सुमारास ७३ व्या घटनादुरुस्तीने सरपंचपद आरक्षणाच्या फेऱ्यात आले आणि २०११ पासून राज्यातील स्थानिक संस्थांत महिलांचे आरक्षण ५० टक्के झाले. ज्यांना गाव पिढ्यानपिढ्या ‘अरे’ आणि ‘अगं’ म्हणत आले होते, त्यांना आता ‘सरपंच’ म्हणून ‘अहो’ म्हणणे भाग पडले. ते अनेक ठिकाणी तोंडातून सहज निघाले नाही. महिला सरपंचाऐवजी तिच्या नवऱ्याशी बोलण्याची पद्धत पडली आणि ती विनयशील समजली गेली, हा तर त्यातला अधिकच विचित्र भाग होता.

कायद्याने बोलण्यासाठी दिलेली जागा म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार सभा घ्याव्यात, सर्वसाधारण सभेआधी महिलांची सभा घ्यावी आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावेत, असे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील तरतुदी सांगतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. सभा अजिबात होऊ नये यापेक्षा कशी तरी व्हावी, हा या सवलतीचा हेतू रास्त होता. प्रत्यक्षात मात्र पहिली सभा रिकामी जाऊ द्यायची आणि तहकूब सभा मोजक्या सह्यांवर उरकायची, ही युक्ती गावोगाव माहीत झाली. घरकुलाची यादी, पाणीपुरवठ्याचा खर्च, वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा हे विषय जिथे ताणून विचारायचे, तिथे विचारणारा पोहोचेपर्यंत इतिवृत्त लिहून झालेले असे. मग तो माणूस निवेदन घेऊन तहसीलवर जातो, पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयातील लोकशाही दिनात उभा राहतो, २००५ नंतर माहिती अधिकाराचा अर्ज करतो आणि शेवटी उपोषणाच्या मंडपात बसतो किंवा पाण्याच्या टाकीवर चढतो. या क्रमातल्या शेवटच्या पायरीचीच बातमी होते.

दुष्काळाने हा क्रम आणखी आवळला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवते. त्याआधी मार्चमध्ये शहरातील पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती पाचपेक्षा अधिक लोकांनी जमू नये असा १४४ कलमाचा आदेश काढावा लागला होता, हे तितकेसे आठवत नाही. टँकरच्या खेपा कागदावर किती आणि वस्तीवर किती, या प्रश्नात आवाज चढणे अटळ होते. तो चढलेला आवाज गुन्हा केव्हा ठरतो, हा पुढच्या काळातला खरा वाद आहे.

भारतीय दंड संहितेत त्यासाठी दोन वेगळी कलमे होती. लोकसेवकाच्या कामात अडथळा आणणे एवढेच घडले असेल तर कलम १८६ लागे. त्याला तीन महिन्यांपर्यंतची शिक्षा होती आणि संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयात लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालयाला त्याची दखल घेता येत नसे. कलम ३५३ साठी हल्ला किंवा फौजदारी बलप्रयोग आवश्यक होता, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. हल्ल्याची व्याख्या करणाऱ्या ३५१ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, असे स्वच्छ लिहिले होते. शब्दांमुळे हावभावाला किंवा तयारीला हल्ल्याचा अर्थ येऊ शकतो, इतकीच त्याला पुरवणी होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर कडक शब्दांत तक्रार लिहिणाऱ्यांवरचा गुन्हा रद्द करताना याच मुद्द्यावर बोट ठेवले : जिथे बलप्रयोग नाही तिथे ३५३ नाही.

बातम्यांत मात्र ही दोन्ही कलमे ‘शासकीय कामात अडथळा’ या एकाच मथळ्याखाली येत आणि गावच्या बोलण्यात तर १८६ कुणाला माहीत नसे. तिथे फक्त ‘तीनशे त्रेपन्न’ असे. ‘तीनशे त्रेपन्न लावीन’ हे वाक्य इशारा म्हणून पुरेसे असे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अमलात आणलेल्या दुरुस्तीने त्या इशाऱ्याला मोठे वजन दिले. ३५३ ची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आणि खटला न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी सत्र न्यायालयात चालू लागला. दुरुस्तीमागचे कारण खोटे नव्हते. रुग्णालयांत डॉक्टरांना, रस्त्यावर पोलिसांना आणि कार्यालयांत तलाठी-ग्रामसेवकांना मारहाण होत होती. कर्मचारी संघटनांची मागणी जुनी होती, आणि वाळूच्या गाड्या अडवणाऱ्या महसूल कर्मचाऱ्याला कायद्याचा आधार हवा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो या तरतुदीच्या गावातील वापराचा. ग्रामपंचायत अधिनियमानुसार सरपंच व सदस्य हेही लोकसेवक मानले जातात. तरीही वाद सरपंचाशी झाला की फिर्याद बहुधा ग्रामसेवकाच्या नावाने होते, कारण तो पगारी सरकारी नोकर आहे आणि त्याच्या टेबलावरची नोंदवही ओढली गेली असे लिहिता येते. फिर्यादीत ३५३ च्या जोडीला शिवीगाळीचे ५०४ आणि धमकीचे ५०६ ठरलेले असे. वाद हिशेबाचा असला तरी गुन्ह्याच्या कागदावर हिशेबाचा उल्लेखच नसतो. पाच वर्षांच्या शिक्षेचे कलम लागलेला तरुण पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत अडके, आणि मराठवाड्यातल्या गावात भरतीची तयारी करणारी मुले किती असतात हे सांगायला नको. त्यामुळे खटला पुढे निर्दोष सुटून संपला, तरी गुन्हा दाखल होणे हीच शिक्षा ठरे. ही दुरुस्ती मारहाण करणाऱ्याला रोखण्यासाठी होती. तिने प्रश्न विचारणाऱ्यालाही रोखले, असे माझे मत आहे. पुढे विधिमंडळात या कलमाच्या गैरवापराची तक्रार झाली तेव्हा ती करणारे लोकप्रतिनिधीच होते. अधिकाऱ्यांना जाब विचारला की आमच्यावर ३५३ लागते, असे त्यांचे म्हणणे होते. तेच दुखणे गावकऱ्यांचे होते, पण त्यांचे म्हणणे मांडायला सभागृह नव्हते.

सरपंच थेट जनतेतून निवडण्याच्या निर्णयानेही या संबंधांत भर टाकली. २०१७ मध्ये ही पद्धत आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडलेल्या सरपंचावरील अविश्वास ठराव ग्रामसभेत गुप्त मतदानाने संमत व्हावा लागत असल्याने, एरवी ओस पडणारी ग्रामसभा त्या एका दिवशी तुडुंब भरते आणि बंदोबस्तात पार पडते.

२०२३ च्या सप्टेंबरपासून ताणाचे रूप बदलले. जालना जिल्ह्यातील उपोषणस्थळी १ सप्टेंबरला लाठीमार झाल्यानंतर मराठा आरक्षणाचे आंदोलन पसरले आणि ऑक्टोबरपर्यंत वेशीवर ‘पुढाऱ्यांना गावबंदी’ असे फलक लागले. ज्या गावांत ग्रामसभेत पन्नास माणसे जमत नव्हती, त्या गावांनी एकमुखाने ठराव केले. लोकांनी प्रतिनिधींशी बोलणेच थांबवण्याचा हा प्रकार होता आणि बहुतेक ठिकाणी तो शांततेत चालला. तो तसाच राहिला नाही. ३० ऑक्टोबरला बीड जिल्ह्यात लोकप्रतिनिधींच्या घरांना व पक्ष कार्यालयांना आगी लावण्यात आल्या आणि संचारबंदी लागू झाली. फलक आणि जाळपोळ या दोन गोष्टी एकाच दमात सांगण्याची सवय तेव्हापासून लागली आहे, ती फलक लावणाऱ्यांवर अन्याय करणारी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच जिल्ह्यातील एका सरपंचाची हत्या झाली. ते प्रकरण खंडणीचे होते, रहिवाशांच्या रोषाचे नव्हते. तरी गावातल्या लहान पदावर बसलेला माणूस किती उघडा असतो, हे त्यामुळे सर्वांना दिसले.

या सगळ्या काळात वरच्या संस्थांमध्ये भांडायलाही कुणी नव्हते. विभागातील सर्वांत मोठ्या महानगरपालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि तिथे मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. बहुतेक जिल्हा परिषदांवर मार्च २०२२ पासून प्रशासक होते. नळाला आठवड्याने पाणी येते म्हणून नगरसेवकाच्या दारात जाऊन तावातावाने बोलणे, ही शहरी माणसाची जुनी सोय जवळपास सहा वर्षे बंद राहिली, आणि प्रशासकाच्या दालनाबाहेर चिठ्ठी देऊन थांबावे लागले.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ३५३ ची जागा कलम १३२ ने आणि १८६ ची जागा कलम २२१ ने घेतली. १३२ ची कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षांची आहे, म्हणजे राज्याने वाढवलेली तीन वर्षे नव्या गुन्ह्यांपुरती गळून पडली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या घटनांचे खटले मात्र जुन्याच तरतुदीने सत्र न्यायालयांत चालतात.