टप कापलेली मिनी आणि मुळातच उघडी झेड४ : सेकंडहँड घेताना फरक कुठं बघायचा

बेळगावात सेकंडहँड ओपन गाडी शोधायला निघालेल्या माणसासमोर फिरून फिरून दोनच नावं येतात: मिनी कूपर कन्व्हर्टिबल आणि बीएमडब्ल्यू झेड४. पुण्या-मुंबईच्या नाहीतर बेंगळूरच्या डीलरकडं दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असतात. दोन्हींवर 'स्पोर्ट्स कन्व्हर्टिबल' अशीच पाटी, दोन्ही एकाच कंपनीच्या घरातल्या. त्यात थोडी नवी मिनी आणि तिच्याहून जुनी झेड४ यांच्या किमती इतक्या जवळ येतात की घेणारा शेवटी रंग बघून ठरवतो. एरवी घाटात फिरवायची आणि वर्षातून एकदा ट्रॅकवर न्यायची, असा बेत असेल तर असं ठरवू नका. या दोन गाड्यांत टप उघडतो एवढंच सारखं आहे.

या जातीची खरी गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५. १९८९ साली आली तेव्हा तिचं वजन हजार किलोच्या आतबाहेर होतं. पण ती भारतात कधी अधिकृत विकली गेली नाही, आणि परदेशातून जुनी गाडी आणायची तर तीन वर्षांच्या आतलीच आणता येते, वर जकातीचा डोंगर. आपल्या शेजारी गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म मात्र मला मनापासून आवडते. फायबरची बॉडी, दोन सीट, रेनोचं ११४९ सीसीचं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. चांगल्या अवस्थेतली स्टॉर्म मिळाली तर जपून ठेवावी अशी आहे, पण सुट्या भागांच्या मागं धावायची तयारी हवी. म्हणून बहुतेकांचा प्रश्न मिनी की झेड४ इथंच येऊन थांबतो.

फरकाचं मूळ बॉडीत आहे. आजच्या कारला वेगळी चासी नसते. फ्लोअर, खांब, दरवाजाखालच्या पट्ट्या आणि टप मिळून एक पेटी होते, आणि गाडीची ताकद त्या पेटीत असते. कुंद्याचा बॉक्स झाकणासकट दोन्ही हातांनी पिळून बघा, हलत नाही. झाकण काढून पिळा, लगेच तिरका होतो. मिनी कन्व्हर्टिबल म्हणजे मूळची तीन दरवाजांची बंद मिनी, तिचा टप काढला आणि गेलेली ताकद भरून काढायला खालून जादा पट्ट्या आणि आधार दिले. त्यापायी ती बंद मिनीपेक्षा सुमारे १०० किलोनं जड झाली, आणि तरीही बंद गाडीइतकी घट्ट होत नाही. झेड४चं तसं नाही. २००९ ते २०१६ या काळात जी झेड४ निघाली, जी आपल्याकडं जुन्या बाजारात जास्त दिसते, तिची बंद कूपे कधी बनलीच नाही. पहिल्या रेघेपासून ती उघडी गाडी म्हणूनच काढली. रुंद पट्ट्या, दोन सीटच्या मधून जाणारा फ्लोअरचा उंच बोगदा, आणि माणूस जवळजवळ मागच्या ॲक्सलला टेकून बसलेला.

हा फरक कागदावर नाही, रस्त्यावर कळतो. जांबोटी सोडून कणकुंबीकडं जाताना पावसाळ्यानंतरचे खड्डे आठवा. डावं पुढचं चाक एका खड्ड्यात आणि उजवं मागचं दुसऱ्यात गेलं की मिनीचा आतला आरसा थरथरतो, डॅशबोर्डच्या कोपऱ्यातून करकर येते. थोडीशी थरथर त्या जातीचीच आहे, ती सोसावी लागते. पण जास्त असेल तर गाडी कुठंतरी ठोकलेली आहे, नाहीतर खालचे आधार काढून नीट बसवलेले नाहीत. हे बघायचा साधा उपाय असा: एक पुढचं चाक फुटपाथच्या उतारावर चढवून गाडी उभी करा आणि दोन्ही दरवाजे उघडून लावा. बोटानं फटी चाचपा. सपाट जागी नीट लागणारा दरवाजा तिरक्या गाडीत वरच्या कोपऱ्याला घासायला लागला, कुलपाला अडला, तर तिथूनच परत फिरा. झेड४लाही हीच परीक्षा द्या, तिच्यात फटी हलताच कामा नयेत.

इथवर वाचून झेड४च घ्यावी असं वाटेल. थांबा, वजन राहिलं. मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल १,३०० किलोच्या आसपास, दोन लिटर टर्बो, १९२ हॉर्सपॉवर. आपल्याकडची बहुतेक झेड४ ३५आय या प्रकारची: तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर, आणि वजन जवळपास १,६०० किलो. लोक 'छोटी हलकी रोडस्टर', म्हणजे दोन सीटची उघडी गाडी, म्हणून जिच्याकडं बघतात ती चार माणसांच्या मिनीपेक्षा तीनशे किलोनं जड आहे. त्यात भर घालतो तो घडी होणारा धातूचा टप, त्याचे पंप आणि सांधे.

रस्त्यावर हे वजन जाणवत नाही, उलट पुणे-बेंगळूर हायवेला ते बरंच वाटतं. तवंदी घाट चढताना झेड४ला गिअर बदलायचीही घाई नसते. ट्रॅकवर मात्र पहिल्या पाच फेऱ्यांत ब्रेक सगळा हिशेब मागतात. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. झेड४ जास्त वेगानं वळणापाशी येते, वर तीनशे किलो जास्त घेऊन येते, आणि ती सगळी उष्णता डिस्क आणि पॅडमध्ये जाते. तिथून ती ब्रेक ऑइलमध्ये उतरते. डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि पुरता ओलावा प्याल्यावर तीच हमी १५५ अंशांवर येते. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत काढलेली गाडी, ऑइल दोन-तीन वर्षं बदललेलं नाही, आणि थेट ट्रॅकवर: पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून दोन्हींपैकी कुठलीही न्या, जायच्या आदल्या आठवड्यात ऑइल बदला. झेड४ला पॅडही चांगल्या दर्जाचे घाला आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश मारून ब्रेक गार करा.

ट्रॅक आपल्याला जवळ नाही, हेही निवडीत धरायला हवं. कोल्हापुरात मोहिते रेसिंग ॲकॅडमीचा ट्रॅक आहे, पण तो कार्टिंगचा. दक्षिणेतले जुने मोठे ट्रॅक म्हणजे कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, सुमारे २.१ किमीचा, आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, सुमारे ३.७ किमीचा. दोन्हीकडं जायला बेळगावहून साडेआठशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. गाडी स्वतःच्या चाकांवर जाणार, पळणार आणि त्याच चाकांवर परत येणार. टायर संपवून, पॅड जाळून चालणार नाही.

मिनीची ओढ पुढच्या चाकांना आहे. वळायचं कामही त्यांनाच आणि ओढायचंही त्यांनाच. ट्रॅकच्या लांब वळणात नाक बाहेर पळतं आणि बाहेरच्या बाजूच्या पुढच्या टायरचा खांदा झपाट्यानं झिजतो. झेड४ची ताकद मागं जाते, पुढची चाकं फक्त वळतात, आणि ॲक्सिलरेटरनं गाडी कशी फिरवायची हे ती शिकवते. आणखी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. झेड४मध्ये दोन्ही सीटच्या मागं कायमचे उभे रोल बार आहेत, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानी. मिनीत ते दडलेले असतात आणि गाडी उलटायला लागली की वर उसळतात. अनेक ट्रॅकवाले ओपन गाडी आत घेताना हेल्मेट घातलेलं डोकं रोल बार आणि समोरच्या काचेची वरची कड यांना जोडणाऱ्या रेषेच्या खाली राहतं का ते बघतात, आणि उसळणाऱ्या बारवर भरवसा ठेवत नाहीत. तुम्ही उंच असाल तर गाडी घ्यायच्या आधी हेल्मेट घालून त्यात बसा आणि दुसऱ्याला सरळ काठी धरून बघायला सांगा. आणि विम्याचा कागद वाचा. आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर भिंतीला घासली तर खर्च सगळा तुमचा.

म्हणून ट्रॅकवर खरंच जाणार असाल तर माझं मत झेड४कडं आहे, ब्रेकचा खर्च धरून. "कधीतरी जाऊ की" एवढंच असेल तर मिनी घ्या, कारण बाकीचे साडेतीनशे दिवस ती जास्त उपयोगी पडते. चार सीट आहेत, मागच्या दोन लहान मुलांपुरत्या का असेना. शहापूरच्या बोळात वळते. काच उभी असल्यानं चौकात नाक पुढं काढायच्या आधी दोन्हीकडचं दिसतं. झेड४चं बॉनेट एवढं लांब आहे की तुम्हाला रस्ता दिसेपर्यंत तिचं तोंड अर्ध्या रस्त्यात गेलेलं असतं. उसाच्या हंगामात रात्री हे फार जपावं लागतं. मागचा दिवा नसलेली ट्रॉली आणि जमिनीला टेकून बसलेला ड्रायव्हर, दोन्ही एकमेकांना उशिरा दिसतात. मिनीचा दोष एवढाच की टप उघडला की त्याची घडी मागं गठ्ठ्यासारखी बसते आणि मागचं दिसणं निम्मं होतं. झेड४चा टप डिकीत जातो, पण मग ३१० लिटरची डिकी १८० लिटरची होते. दोघांची गोव्याची बॅग कशीबशी बसते.

आता टप. उद्यमबागेकडच्या ज्या मेकॅनिकला मी अशा गाड्या दाखवतो, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मालक, पैला टप उघडून झाकून बघा की. इंजिन मागनं बघू." बरोबर आहे त्याचं. इंजिनचे भाग मिळतात, टपाचे मिळता मिळता जीव जातो. गार आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत चार-पाच वेळा उघडझाक करा. मिनीचा कापडी टप साधारण १८ सेकंदांत उघडतो, झेड४चा धातूचा साधारण २० सेकंदांत. मध्ये अडखळणं, एका बाजूनं आधी उठणं, पंपाचा आवाज खोल जाणं, यातलं काहीही चालणार नाही. मिनीच्या टपाला एक सोय फार छान आहे: पुढचा भाग सुमारे ४० सेंटिमीटर मागं सरकवून सनरूफसारखा ठेवता येतो. आपल्या उन्हात बहुतेक वेळा तेवढाच उघडा ठेवावासा वाटतो.

कापडी टपाला आपली हवा सोसत नाही असं म्हणतात. सोसते, पण ओला टप घडी करून ठेवला तर बुरशी धरते आणि घडीवर कायमचे डाग पडतात. शेड नसेल तर मांजरं ऊबेला टपावर येऊन झोपतात आणि नखं लावतात, हे टिळकवाडीत राहणाऱ्याला सांगायला नको. शिवणी, मागच्या काचेची कड आणि आतलं अस्तर बोटानं चाचपून बघा.

दोन्ही गाड्यांत टपावरून उतरलेलं पाणी बारीक नळ्यांनी मागच्या चाकांपाशी खाली सोडलेलं असतं. पालापाचोळ्यानं त्या तुंबतात. झेड४च्या आधीच्या पिढीत, २००२ ते २००८च्या कापडी टपाच्या गाडीत, तुंबलेल्या पाण्यात टपाची मोटर बुडून निकामी व्हायची ही जगभरची तक्रार होती. म्हणून बाटलीभर पाणी घेऊन टपाच्या मागच्या कोपऱ्यात हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. चाकाच्या पुढं धार पडली पाहिजे. पाणी कुठंच बाहेर आलं नाही तर ते आत राहिलंय. डिकीचं कार्पेट उचला, वास घ्या. आपल्या भागात हे दुप्पट काळजीनं करायला हवं. २०१९च्या आणि २०२१च्या महापुरात कोल्हापूर, सांगली आणि आपल्या नदीकाठच्या तालुक्यांत पुष्कळ गाड्या पाण्यात गेल्या. सीटच्या रुळाचे बोल्ट आणि सीटबेल्टचं टोक गंजलेलं दिसलं, बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या फुटावर चिखलाची रेघ दिसली, तर भाव कितीही उतरवला तरी नको.

इंजिनाबद्दल थोडक्यात. झेड४च्या सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनात हाय प्रेशर फ्युएल पंप आणि विजेवर चालणारा वॉटर पंप हे ठरलेले कमकुवत दुवे. बदलल्याची बिलं मागा. मिनी घ्यायची तर २०१६ साली आपल्याकडं आलेली दोन लिटरची पिढी घ्या. आधीच्या १.६ टर्बोत, खासकरून सुरुवातीच्या वर्षांत, टायमिंग चेन सैल पडून सकाळी गार इंजिनात खडखड येते. चाचणीला जाताना डीलरला गाडी आधी गरम करून ठेवू नका म्हणून फोनवरच सांगा.

राहिलं पासिंग. आपल्याकडं कोल्हापूरची एमएच ०९ आणि बेळगावची केए २२ एकाच गल्लीत उभ्या दिसतात, म्हणून बाहेरच्या पासिंगची गाडी अशीच वापरता येईल असं वाटतं. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची तर एनओसी आणून तिथं नव्यानं नोंद करावी लागते, आणि कर्नाटकचा रस्ता कर देशातल्या महाग करांपैकी आहे. वयाप्रमाणं तो कमी होतो, पण सुरुवातीला साठ-पासष्ट लाखांच्या गाडीचा हिशेब जुनी झाल्यावरही हलका नसतो. मूळ मालकानं भरलेला कर परत मिळवायची प्रक्रिया त्याच्या राज्यात त्यालाच करावी लागते, तेव्हा सौदा ठरतानाच लिहून घ्या. शिवाय खासगी गाडीची पहिली नोंद पंधरा वर्षांची असते. २०११ची झेड४ बघत असाल तर पंधरा वर्षं भरल्यावरचं फिटनेस आणि आरसीचं नूतनीकरण तुमच्याच गळ्यात येणार, तो खर्च आणि ती धावपळ भाव पाडतानाच धरा.