रतिबाचा रस्ता

कोल्हापुरात राजारामपुरीत परवा एका क्लासचा फलक दिसला: 'तुमच्या मुलाचा मेंदू कॉम्प्युटरसारखा वेगवान!' अशाच काही क्लासमध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतात म्हणे. ते वाचन नाकाजवळच्या फटीतून होतं. फट नीट बुजवली की वाचन बंद. पालकांनी तिथे पैसे घालवू नयेत. पण मला त्या फलकातली दुसरी चूक जास्त खुपली. मेंदू म्हणजे जरा हळू चालणारा कॉम्प्युटर, असं त्यात धरून चाललंय.

गंगावेशीतून पहाटे सायकलवरून दुधाचा रतीब घालणारे एक मामा आहेत. घरं पंधरा. कमीत कमी अंतराचा रस्ता कोणता? पहिलं घर पंधरातलं कुठलंही, दुसरं उरलेल्या चौदातलं, मग तेरा, बारा... गुणाकार करत गेलं की १ लाख ३० हजार कोटींहून जास्त क्रम निघतात. सेकंदाला १०० कोटी क्रम तपासणाऱ्या यंत्राला बावीस मिनिटं पुरतील. घरं वीस झाली की ७७ वर्षं लागतात. पंचवीस झाली की ४९ कोटी वर्षं! नुसत्या वेगानं हे गणित सुटत नाही.

माणूस मात्र कागदावरचे ठिपके बघतो आणि पेन्सिल फिरवतो. दहा-वीस ठिपक्यांवर माणसांनी काढलेले रस्ते सर्वोत्तम रस्त्याच्या अगदी जवळ जातात, हे १९९६ सालच्या प्रयोगांत दिसलं. डोळ्याला ठिपक्यांच्या घोळक्याची बाहेरची कड आधी दिसते, आणि रेघेनं रेघ कापलेली त्याला खटकते.

ते खटकणं अचूक आहे, आणि का ते शाळेतल्या भूमितीतच आहे. क, ख, ग, घ ही चार घरं धरा. रस्ता क वरून ग ला जातो, मधली घरं घेत ख ला येतो आणि तिथून घ ला जातो. कग आणि खघ या रेघा प बिंदूत एकमेकींना कापतात. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, म्हणून कप + पख ही कख पेक्षा मोठी, आणि गप + पघ ही गघ पेक्षा मोठी. दोन्ही मिळवा. डावीकडे जमलेले चार तुकडे म्हणजेच कग आणि खघ! म्हणजे क ला ख शी आणि ग ला घ शी जोडलं की फुली सुटते आणि रस्ता नक्की आखूड होतो. ग ते ख हा मधला तुकडा तेवढा उलट्या दिशेनं फिरावा लागतो, पण त्यानं लांबी बदलत नाही.

१९५८ पासून ही युक्ती कॉम्प्युटरलाही शिकवलेली आहे. फुली त्याला दिसत नाही. तो रेघांच्या जोड्या एकेक करून घेतो, अदलाबदल करून बघतो, अंतर घटलं तर ठेवतो. हजारो ठिपक्यांवरही तो थकत नाही. तिथे आपली नजर केव्हाच हरते.

मामांचा रस्ता मी कागदावर काढला, तर त्यात फुली! निघाल्या निघाल्या चढाच्या बोळातली दोन घरं सोडून ते पुढे जातात आणि परतताना तिथे येतात.

"मामा, ही दोन घरं आधीच का घेत नाही?"

"भरल्या किटल्या घेऊन चढ कोण चढणार, सर? आधी नदीकडची खालची घरं उरकायची. मोकळी सायकल मग वर कशीबी जाती."

मी कागदाकडे बघत राहिलो. उलट फिरलं तरी फरक पडत नाही, यावरच माझी सिद्धता उभी होती. ओझं आणि चढ आला की क पासून ख आणि ख पासून क सारखे राहत नाहीत, त्रिकोणाचा नियम लावायचा तरी कशाला? कॉम्प्युटरला किटल्यांचं वजन आणि चढ आकड्यांत दिला तर तोही हा रस्ता शोधेल, कदाचित मामांपेक्षा चांगला. पण वजन मोजायला हवं, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

पुढच्या आठवड्यात मामांचा क्रम पुन्हा बदलला होता. चौदावं घर पहिलं आलं होतं. तिथली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि तिला दूध उजाडायच्या आत लागत होतं.