चॉकलेटमध्ये बुडवलेली फळं घरी करताना

(आमच्याकडून चॉकलेटचे स्लॅब नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बाजारात दिसू लागली की आमच्याकडे स्लॅबची मागणी वाढते, आणि पाठोपाठ फोन सुरू होतात. "चॉकलेटचा गोळा झाला." "फळावरून सगळं घसरून खाली आलं." "सकाळी डबा उघडला तर आत पाणी." तक्रार कोणतीही असो, खोदून विचारलं की कारण बहुतेक वेळा एकच निघतं: ओलावा.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. असते ती चरबी, आणि तिच्यात विखुरलेली साखर, कोको आणि दुधाची बारीक पूड. त्यात पाण्याचे चार थेंब पडले की साखर ते ओढून घेते, चिकट होते, कण एकमेकांना धरतात आणि भांड्यात रवाळ लगदा उरतो. गंमत अशी, की चार थेंबांनी बिघडलेलं चॉकलेट चार चमच्यांनी पुन्हा सैल होतं. म्हणून ते टाकून देऊ नका. गरम दूध चमचा-चमचा घालून घोटत राहा, आइस्क्रीमवर घालायला उत्तम सॉस होतो. फळं बुडवायला मात्र तो चालणार नाही, त्यासाठी दुसरा स्लॅब फोडावा लागेल.

कंपाउंड की कुव्हर्चर?

पाकिटाच्या मागे घटक वाचा. कोको बटर लिहिलेलं असेल आणि दुसरी कोणती वनस्पती चरबी नसेल, तर ते खरं चॉकलेट. त्यातलं जास्त कोको बटर असलेलं, पातळ वितळणारं ते कुव्हर्चर. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. चवीत कंपाउंड कुव्हर्चरच्या पासंगालाही पुरत नाही, हे दोन्ही विकत असूनही आम्ही सांगतो. पण पहिल्यांदा करत असाल, किंवा वाढदिवसाला पोरांसाठी ढीगभर करायची असतील, तर कंपाउंडच न्या. ते वितळवा, बुडवा, ठेवा, आपोआप सुकतं.

कुव्हर्चरचं तसं नाही. कोको बटर थंड होताना वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक बनवतं आणि त्यातला एकच प्रकार आपल्या कामाचा असतो, साधारण ३४ अंशांना वितळणारा. चॉकलेट टक्कन तुटतं, चमकतं आणि जिभेवर विरघळतं ते त्याच्यामुळे. नुसतं वितळवून फळावर लावलेलं कुव्हर्चर मऊ राहतं आणि पुढे त्यावर पांढुरके पट्टे येतात. ते टाळायला टेंपरिंग करावं लागतं, म्हणजे तोच कामाचा स्फटिक बनेल अशा बेताने चॉकलेट ठरावीक तापमानाला आणणं. घरच्या घरी सोपी रीत अशी: डार्क कुव्हर्चर बारीक चिरा, दोन भाग वितळवून ४५ अंशांपर्यंत न्या, भांडं खाली उतरवा आणि उरलेला एक भाग थोडाथोडा घालत ढवळा. ३१-३२ अंशांवर आलं की वापरायला घ्या. मिल्कसाठी हा आकडा २९-३० आणि व्हाइटसाठी २८-२९. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा; पाचेक मिनिटांत चमक धरून सुकलं तर जमलं. थर्मामीटर नसेल तर या फंदात पडू नका. आणि मे महिन्यात स्वयंपाकघरच ३५ अंशांवर असतं, तिथे ३१ वर चॉकलेट येणार कुठून? पहाटे करा, नाहीतर एसीच्या खोलीत.

खाऊच्या मिल्क चॉकलेटच्या वड्या किंवा चॉकोचिप्स वितळवून चालतात का, असंही विचारतात. चिप्स ओव्हनमध्ये आकार टिकावा म्हणून मुद्दाम घट्ट बनवलेले असतात. फळावर त्यांचा जाड, ओबडधोबड थर बसतो.

वितळवणं

पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, गॅस बंद करा आणि वर कोरडं भांडं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये आणि पाणी खळखळत असता कामा नये, कारण वाफ बाजूने वर येऊन आत उतरते. झाकण तर अजिबात नको. मायक्रोवेव्ह असेल तर तोच बरा: तीस-तीस सेकंद लावा, दर वेळी बाहेर काढून ढवळा. तुकडे आकार धरून असतात, पण आतून वितळलेले असतात. दिसण्यावर जाऊन आणखी एक मिनिट लावलं की तळाशी करपतं. व्हाइट सगळ्यांत आधी करपतं आणि करपलेलं पुन्हा ताळ्यावर येत नाही. रंग हवा असेल तर तेलात मिसळणारा न्या. केकच्या आयसिंगचा पाण्याचा रंग घातला की पुन्हा तोच गोळा.

फळं

स्ट्रॉबेरी धुवायची ती पानांसकट आणि झटपट. पानं काढून पाण्यात घालून ठेवली तर ती आत पाणी पिते. सुती पंच्यावर पसरा, एकेक टिपून घ्या आणि पंख्याखाली निदान अर्धा तास ठेवा. पानांच्या खाली, जिथे ती फळाला चिकटतात, तिथे एक थेंब हमखास लपलेला असतो. पानं बोटाने उचलून तिथे टिपा. फ्रिजमधून काढलेली फळं लगेच बुडवू नका. त्यांना घाम फुटतो आणि गार फळावरचा थर लवकर तडकतो. पाव किलो फळांना दीडशे ग्रॅमच्या आसपास चॉकलेट लागतं, पण वितळवताना पाव किलो घ्या. भांड्यात खोली नसेल तर फळ नीट बुडत नाही.

पानं एकत्र धरून फळ तिरकं बुडवा, मनगट फिरवा, उचला, ठिबकू द्या. मग खालची बाजू भांड्याच्या कडेला हलकेच पुसून बटर पेपरवर ठेवा आणि ठेवताना अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवा. नाहीतर खाली चॉकलेटचं थारोळं साचून प्रत्येक फळाला पाय फुटतो. वरून पिस्त्याचे काप टाकायचे असतील तर थर ओला असतानाच.

द्राक्षं घडातून ओढू नका, तिथे भोक पडून रस येतो. कात्रीने थोडा देठ ठेवून कापा. धरायलाही सोयीचं होतं. नागपुरी संत्र्याच्या फोडींचे धागे काढा, पापुद्रा मात्र फाटू देऊ नका. तासभर उघड्यावर ठेवल्या की वरून कागदासारख्या कोरड्या होतात, मग अर्ध्याच बुडवा. आमच्या मते डार्क चॉकलेटला संत्र्याइतकं जुळणारं दुसरं ताजं फळ नाही. केळ्याचे काप करून दोन तास फ्रीझरमध्ये कडक करा. चॉकलेटमध्ये शंभर ग्रॅमला एक चमचा रिफाइंड खोबरेल घाला, म्हणजे थर पातळ बसतो आणि चावताना फुटून पडत नाही. हे काप फ्रीझरमधून थेट तोंडात. ताटात मांडून ठेवले तर वितळतात. कलिंगड, अननस, कापलेला आंबा यांच्या वाटेला जाऊ नका.

आंब्याची हौस आंबापोळीवर भागवा. तिच्या बोटभर पट्ट्या कापून डार्कमध्ये बुडवल्या तर पाण्याचा प्रश्नच येत नाही. सुके अंजीर, जर्दाळू, बदाम भरलेला खजूर, घोलवड-डहाणूकडचे वाळवलेले चिकू, आवळा कँडी हे सगळं याच वर्गातलं, आणि आमच्या मते दिवाळीच्या डब्यात द्यायला स्ट्रॉबेरीपेक्षा हेच बरं. आवळा कँडीवरची पिठीसाखर आधी झटकून घ्या, नाहीतर थर सुटून येतो.

किती दिवस टिकतं

ताज्या फळांची त्याच दिवशी खा, फार तर दुसऱ्या दिवशी. चॉकलेटच्या आत फळ रस सोडतच असतं. सुकवायला फ्रिजमध्ये दहा मिनिटं पुरतात. ताजी फळं नंतर ठेवायची तर डब्यात तळाशी आणि वर टिश्यू पेपर घाला. सुक्या मेव्याची हवाबंद डब्यात, थंड जागी दोन आठवडे छान राहतात. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरची दमट हवा थरावर पाणी होऊन बसते आणि ते सुकल्यावर साखरेचे पांढरे ठिपके उरतात. ती बुरशी नव्हे, खायला हरकत नाही.

लहान मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकू शकतं. उभे काप करून द्या. घरात कुत्रा असेल तर ताट उंच ठेवा. चॉकलेट आणि द्राक्षं, दोन्ही त्याला विषारी. पाहुण्यांना देताना दूध, सोया आणि सुकामेवा आहे हे सांगा.

उरलेलं चॉकलेट बटर पेपरवर ओतून सुकवा, पुन्हा वितळवता येतं. कुव्हर्चर असेल तर टेंपरिंग मात्र नव्याने.

मार्च ते जून आम्ही कुव्हर्चर पार्सलने पाठवत नाही. दुकानातून नेत असाल तर सकाळी या आणि स्कूटरच्या डिकीत ठेवू नका.